फौजेने आणि वाटेने इंग्रजीला दिलेले जुने शब्दप्रयोग

परीक्षेचा निकाल लागला की एखाद्या मुलीबद्दल 'ती विथ फ्लाइंग कलर्स उत्तीर्ण झाली' असे इंग्रजीत हमखास म्हटले जाते, आणि ते ऐकताना आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात रंगांची उधळण उभी राहते. वास्तविक या 'कलर्स'चा रंगांशी काही संबंध नाही. लष्करी इंग्रजीत 'कलर्स' म्हणजे पलटणीचे किंवा जहाजाचे निशाण, आणि ते फडकत राहणे म्हणजे उतरवण्याची किंवा शत्रूच्या हाती देण्याची वेळ न येणे. मराठीत रंग उडाला तर माणूस भेदरला असा अर्थ होतो, त्यामुळे या प्रयोगाचे शब्दशः भाषांतर केले तर उत्तीर्ण झालेल्या मुलीचे काही खरे नाही.

निशाण फडकत ठेवण्यामागे युरोपातील वेढ्यांचा एक पक्का रिवाज होता. किल्ल्यातील शिबंदीने नेटाने झुंज दिली आणि तटाला खिंडार पडल्यावर, अखेरच्या हल्ल्यापूर्वी, तहाची बोलणी लावली, तर तिला 'युद्धाच्या सन्मानासह' बाहेर पडू दिले जाई. हा सन्मान मोघम नसे. तो कलमवार लिहून घेतला जाई. निशाणे उभारलेली, नगारे वाजत असलेले, हत्यारे हातात आणि तोड्याच्या बंदुकीचा तोडा, म्हणजे दारू पेटवण्याची वात, पेटता, असे सगळे बाहेर पडणार, म्हणजे लढण्याची ताकद शिल्लक असतानाच आपण निघालो हे चारचौघांना दिसणार. याचे उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा झालेल्या तहात पोर्तुगीज शिबंदीला हत्यारे हातात घेऊन, नगारे वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडण्याची मुभा होती. काही तोफाही बरोबर नेऊ देण्याचे ठरले होते. किल्ला हरलेले लोक शब्दशः 'विथ फ्लाइंग कलर्स' गेले. आज हा प्रयोग केवळ घवघवीत यशासाठी वापरला जातो, पण मुळात त्यात पराभवातही मान न गमावण्याची छटा होती, हे वसईच्या तहावरून ध्यानात येते.

अशाच तहांतून 'बॅग अँड बॅगेज' हा दुसरा प्रयोग आला. फौजेचे सामानसुमान, तंबू, भांडीकुंडी आणि मागून चालणारा सगळा लवाजमा, म्हणजे ज्याला पेशवाईत बुणगे म्हणत ते सारे, 'बॅगेज' या एका शब्दात मावत असे. शिबंदीला हे सर्व घेऊन जाऊ देणे ही सवलत होती. ती नाकारली तर अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे लागे. पुढे मात्र या शब्दप्रयोगाने कूस बदलली. १८७६ मध्ये बल्गेरियातील कत्तलींवर लिहिताना ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी तुर्की अंमलदारांनी 'बॅग अँड बॅगेज' तिथून चालते व्हावे असे म्हटले, आणि ते इतके गाजले की तुर्कविरोधी धोरणालाच तेव्हा ते नाव पडले. ज्या शब्दांनी पूर्वी मान राखला जाई, त्याच शब्दांनी आता हाकलून दिले जाऊ लागले. आपण 'चंबूगबाळे उचल' म्हणतो तेव्हा जो सूर असतो, तोच आज या प्रयोगाला आहे.

जुने इंग्रजी शब्दप्रयोग समजायला अवघड जातात ते अपरिचित शब्दांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते अडचण नेमकी उलटी आहे. त्यांतील शब्द फारच ओळखीचे असतात आणि त्यांमागची वस्तू किंवा कृती नाहीशी झालेली असते, त्यामुळे ऐकणारा आपल्या काळातले चित्र तिथे बसवून मोकळा होतो. म्हणून असा प्रयोग पुढे आला की शब्दकोशातील अर्थाइतकाच दुसरा एक प्रश्न विचारावा: तेव्हा कोण माणूस, कुठे उभा राहून, हाताने काय करत होता? प्रवास आणि युद्ध या दोन क्षेत्रांतील प्रयोगांना हा प्रश्न विशेष लागू पडतो, कारण ही क्षेत्रे दोन नव्हतीच. रेल्वेपूर्वीच्या काळात हजारोंच्या संख्येने, सामानासह आणि जनावरांसह दूरवर जाणारा सर्वात मोठा प्रवासी म्हणजे फौज. आपल्याकडे कूच, मुक्काम, मजल, तळ हे शब्द फौजेला आणि वाटसरूला सारखेच लागू होते ते त्याच कारणाने. इंग्रजीतील 'जर्नी' हा शब्दही मूळ फ्रेंचमध्ये एका दिवसाची वाटचाल सांगत असे, म्हणजे तंतोतंत आपली मजल.

रोजच्या मजलेच्या शेवटी हजारो माणसांना निवारा लागतो, तेव्हा कोणाला तरी पुढे जाऊन जागा पाहून ठेवावी लागते. या पुढे जाणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'हार्बिंजर' म्हणत. तो गावात येई, घरे आणि गोठे पाहून कोण कुठे उतरणार ते ठरवी, आणि तो आला म्हणजे मागून फौज किंवा राजाचा लवाजमा येत आहे हे गावकरी ओळखून घेत. आज 'हार्बिंजर ऑफ स्प्रिंग' म्हणजे वसंताची चाहूल देणारा असा हळुवार अर्थ झाला आहे, पण ज्याच्या घरात दहा शिपाई घुसणार होते त्याला ही चाहूल मुळीच हळुवार वाटली नसेल. या शब्दाच्या मुळाशी लष्कर आणि निवारा या अर्थाचे दोन जुने जर्मानिक शब्द आहेत आणि त्याच कुळातून 'हार्बर' हा शब्दही आला. मुंबईची हार्बर लाइन अशा रीतीने फौजेच्या मुक्कामाची नातेवाईक ठरते. घरमालकाला दाखवायची जी चिठ्ठी शिपायाला मिळे ती 'बिलेट', आणि पुढे त्या मुक्कामाच्या जागेलाच बिलेट म्हणू लागले. 'एव्हरी बुलेट हॅज इट्स बिलेट' ही जुनी म्हण त्यावरूनच निघाली आहे: शिपायाला जशी उतरण्याची जागा नेमून दिलेली, तशी प्रत्येक गोळीलाही कोणाच्या तरी अंगात जागा नेमून दिलेली असते. छावणीतल्या माणसाखेरीज असा काळा विनोद कोणाला सुचला नसता.

ठासणीच्या बंदुकीने इंग्रजीला जितके प्रयोग दिले तितके दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूने क्वचितच दिले असतील, म्हणून ती भरण्याची रीत जरा जवळून पाहू. अठराव्या शतकातील इंग्रज शिपायाच्या हाती चकमकीची लांब बंदूक असे. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेले काडतूस तो दातांनी फाडी, चकमक धरणारा घोडा अर्ध्या खटक्यावर आणी, आणि चिमूटभर दारू नळीच्या बाजूला असलेल्या छोट्या पसरट वाटीत टाकून वाटीचे झाकण लावी. ही दारू म्हणजे रंजक. उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीच्या तोंडातून आत सोडून गजाने ठासायचे, मग घोडा पूर्ण मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. चकमक पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या रंजकीत पडत, रंजक भपकन पेटे आणि तिची आग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरून मुख्य दारू उडवी. तरबेज शिपाई हे सगळे करून मिनिटाला सुमारे तीन बार काढीत असे.

आता यात बिघाड कुठे होई ते पाहिले की शब्दप्रयोग आपोआप उलगडतात. कान काजळीने बुजला किंवा आतली दारू दमट झाली, तर वाटीतली रंजक झगमगून जळे, धूर होई, शिपायाचा चेहरा काळवंडे आणि गोळी मात्र जागची हलत नसे. हाच 'फ्लॅश इन द पॅन', आणि यातला पॅन म्हणजे स्वयंपाकघरातील तवा नव्हे, तर रंजकीची वाटी. मराठीत यासाठी भाषांतर शोधत बसण्याची गरज नाही. 'फुसका बार' त्याच कुळातला आहे. अर्ध्या खटक्यावरचा घोडा सुरक्षित समजला जाई, कारण त्या स्थितीत चाप ओढला जाऊ नये अशी खाच आत असे. पण खाच झिजली की बंदूक भरता भरताच उडे. तयारी पुरी होण्याआधीच फसलेल्या उतावळ्या कामाला 'गोइंग ऑफ हाफ-कॉक्ड' म्हणतात ते यावरून. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' या प्रयोगात तर तिन्ही शब्द चकवतात: लॉक म्हणजे कुलूप नव्हे, ठिणगी पाडणारी कळ, स्टॉक म्हणजे साठा नव्हे, लाकडी दस्ता, आणि बॅरल म्हणजे पिंप नव्हे, नळी. तिन्ही मिळून अख्खी बंदूक होते, म्हणून 'सगळेच्या सगळे' हा अर्थ. तोफेच्या कानात खिळा ठोकून ती निकामी करण्याची युक्ती मात्र आपल्या बखरींच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इंग्रजीत 'स्पाइक समवन्स गन्स' म्हणजे प्रतिपक्षाचा बेत आधीच हाणून पाडणे.

या सर्व प्रयोगांत मला सर्वात विलक्षण वाटतो तो 'फॉर्लॉर्न होप'. इंग्रजी जाणणारा कोणीही याचा अर्थ 'केविलवाणी आशा' असा करील, आणि आज तो तसाच वापरला जातो. मुळात यात आशा हा शब्दच नाही. डच भाषेत 'फरलोरन होप' म्हणजे गमावलेली तुकडी. तिथला 'होप' म्हणजे ढीग, जमाव, घोळका. सोळाव्या शतकात इंग्रज शिपायांनी हा डच शब्द उचलला आणि आपल्या कानाला सोयीचा करून घेतला. तटाला खिंडार पडले की त्यात सर्वात आधी घुसणारी मूठभर माणसांची टोळी म्हणजे फॉर्लॉर्न होप. शत्रूच्या भरलेल्या बंदुका, पेरलेले सुरुंग, आडवे टाकलेले खिळ्यांचे ओंडके यांचा पहिला मारा तिने झेलायचा आणि मागच्या मोठ्या दलाला वाट करून द्यायची. त्यातून परत येण्याची शक्यता फार थोडी असे, तरीही स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांची वाण नसे, कारण जगला वाचला तर तरुण अधिकाऱ्याला बढती मिळण्याची आशा असे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या खिंडारावर अशी टोळी घेऊन चढणारा ग्रॅहम हा मुंबईच्या युरोपीय पलटणीतला सार्जंट होता. त्याने माथ्यावर निशाण रोवले आणि तिथेच तो गोळी लागून पडला. स्पेनमधील बादाखोस शहरावर ६ एप्रिल १८१२ च्या रात्री झालेल्या हल्ल्यात अशा टोळ्या एकामागून एक खिंडारातच संपल्या. अर्थ चुकीच्या ऐकण्यातून आलेला असला तरी तो टिकला, कारण चुकीचे शब्दही त्या माणसांच्या स्थितीला नेमके लागू पडत होते.

छावणीतील रोजच्या कारभारातून आलेले प्रयोग याहून निरुपद्रवी आहेत. 'पास मस्टर' म्हणजे तपासणीत निभावून जाणे. मस्टर म्हणजे शिपायांना रांगेत उभे करून माणसे, हत्यारे आणि घोडी मोजण्याची हजेरी. शब्दाच्या मुळाशी 'दाखवणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. या मोजणीची एवढी मातबरी असण्याचे कारण पैसा होते. पगार शिरगणतीवर मिळत असल्याने मेलेल्या किंवा पळालेल्या शिपायांची नावे यादीत ठेवून त्यांचा पगार खिशात घालणे हा युरोपातील कप्तानांचा जुना धंदा होता, आणि मोजणीच्या दिवशी भाड्याची माणसे उभी करून वेळ निभावली जाई. मोगलांनी घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांच्या चेहऱ्याचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत राबवली ती अशाच लबाडीवर उपाय म्हणून. आपल्या कचेऱ्यांत आणि रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपटाला अजूनही मस्टरच म्हणतात, आणि खोट्या नावांची तक्रारही अधूनमधून ऐकू येते, तेव्हा शब्दाने आपला इतिहास इथवर बरोबर आणला आहे असेच म्हणावे लागेल.

'टॅटू' हा तर दोन वेगळ्या शब्दांचा एक झालेला उच्चार आहे. गोंदणाचा टॅटू पॉलिनेशियातून आला. लष्करी टॅटू मात्र डच आहे. 'डू डेन टाप तू', म्हणजे पिंपाची तोटी बंद करा, असा त्याचा अर्थ. रात्री ठरलेल्या वेळी नगारा वाजला की गुत्तेवाल्याने बिअर देणे थांबवायचे आणि शिपायांनी मुक्कामावर परतायचे. पुढे या नगाऱ्याचा मोठा संचलनाचा सोहळा झाला, तोच टॅटू. बोटांनी टेबलावर अस्वस्थपणे ताल धरण्याला इंग्रजीत 'डेव्हिल्स टॅटू' म्हणत, हा प्रयोग आता जवळजवळ नामशेष झाला आहे.

रस्त्यावरच्या प्रयोगांकडे वळले तरी फौज पाठ सोडत नाही. 'टर्नपाइक' म्हणजे वाटेत आडवा ठेवलेला, भाल्यांची टोके बसवलेला फिरता अडसर. घोडेस्वारांना रोखणे हे त्याचे पहिले काम. इंग्लंडमध्ये १६६३ पासून रस्तादुरुस्तीसाठी वाहनांकडून पैसे घेण्याचे कायदे होऊ लागले, तेव्हा पैसे दिल्यावरच उघडणाऱ्या फाटकाला हेच नाव मिळाले, आणि मग फाटकावरून रस्त्याला. इंग्लंडमधून हा शब्द बहुतेक गेला, अमेरिकेत मात्र राहिला. न्यू जर्सीतील मराठी मंडळी ज्या टर्नपाइकवरून कामाला जातात त्याच्या नावात अजून भाला आहे. 'पोस्ट-हेस्ट' या प्रयोगातील पोस्टही टपालकचेरी नव्हे. ठरावीक अंतरावर ताजी घोडी घेऊन जो माणूस नेमलेला असे तो पोस्ट, आणि सोळाव्या शतकातील सरकारी पत्रांवर त्याला उद्देशून 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट' असे लिहीत. फारच तातडी असेल तर पत्रावर फाशीच्या खांबाचे चित्रही काढत. उशीर केलास तर काय होईल हे अक्षरशत्रू स्वारालाही त्यावरून कळत असे.

समुद्रावरचे प्रयोग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी एक फसवा शब्द सांगतो. जहाजावर 'शीट' म्हणजे शीड नव्हे, शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारी दोरी. ती सुटली की शीड वाऱ्यावर फडफडते आणि जहाज झोकांड्या खाऊ लागते. म्हणून झिंगलेला माणूस 'थ्री शीट्स टू द विंड'.

अशा उलगड्यांची गोडी लागली की एक धोका संभवतो, तो म्हणजे रंजक कथा खऱ्या मानण्याचा. 'पॉश' या शब्दाची कथा आपल्याकडेही अनेकांनी ऐकली असेल. इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूच्या खोल्या उत्तरेकडे असल्याने तांबड्या समुद्राच्या उन्हात त्या सावलीत राहत, परतताना उजव्या बाजूच्या. म्हणून श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरे मारली जात, असे ती सांगते. उन्हाचे गणित बिनचूक आहे. मात्र पी अँड ओ कंपनीचे असा शिक्का असलेले एकही तिकीट कोणाला सापडलेले नाही, आणि आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची चाल पहिल्या महायुद्धापूर्वी फारशी रूढच नव्हती. शब्दाचा उगम अनिश्चित आहे, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. कथा जितकी गोळीबंद, तितका पुरावा आधी मागावा.

याउलट, ऐकायला बनावट वाटणारी पण खरी असलेली गोष्ट नाशिकजवळची आहे. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, आणि डूलॅली म्हणजे आपली देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईच्या जहाजावर चढण्यापूर्वी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. शिपायांची जहाजे साधारणपणे थंडीच्या मोसमातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत मोसम संपल्यावर भरली त्याला पुढच्या मोसमापर्यंत महिनोन्महिने तिथेच काढावे लागत. हत्यारे जमा केलेली, कवायत फारशी नाही, काम नाही, घर डोळ्यांसमोर आणि जहाजाचा पत्ता नाही. उरले ते ऊन, दारू, जुगार, हिवताप आणि मारामारीपायी कैद. वर्षानुवर्षे शिस्तीत काढलेली माणसे या रिकामपणात बिथरत, आणि सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला. हा टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे की डोक्यावरची टपलीही नव्हे. तो सरळ आपला ताप आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसते 'गॉन डूलॅली' राहिले.

ज्या घराची ही माणसे वाट पाहत बसत त्याचेही नाव त्यांनी इथूनच उचलले होते. विलायती, बिलायती असे ऐकत ऐकत शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' झाले आणि इंग्रज माणूस आपल्याच देशाला हिंदुस्थानी नावाने हाक मारू लागला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांमध्ये 'ब्लायटी वन' ही सर्वांच्या ओठांवरची मागणी होती: जीव जाणार नाही, अवयवही गमवावा लागणार नाही, पण बरे होण्यासाठी मायदेशी पाठवावेच लागेल, इतपत बेताची जखम.